दोन सेल, तीनशे व्होल्ट आणि एक लखलखाट!

एक कोडं घालू?

टीव्हीच्या रिमोटमधले दोन सेल घे. तेच आपले बोटाएवढे पेन्सिल सेल! शेजारी एक काचेची नळी ठेव. चिमुकली, तुझ्या करंगळीहून बारीक. तिच्यात बल्बसारखी तार वगैरे काही नाही. नुसता एक वायू भरलाय. आणि तो वायू महाहट्टी! तीनशे व्होल्टचा जोर मिळाल्याशिवाय तो झगमगायचं नावच घेत नाही.

आता सेलांचा जोर बघू. एका सेलाचा जोर दीड व्होल्ट. दोघांचा मिळून तीन. तीनशे नव्हे हं, फक्त तीन!

मग सांग, या दोन सेलांवर ती नळी पेटेल?

"छे! कसं शक्य आहे?" असंच म्हणशील ना?

पण गंमत ऐक. ती पेटते! नुसती पेटत नाही, डोळे दिपवून टाकते. आणि ती पेटताना तू कितीतरी वेळा पाहिली आहेस! वसईतलं लग्न असो, नालासोपाऱ्यातला वाढदिवस असो, नाहीतर विरारच्या शाळेतलं स्नेहसंमेलन असो. फोटोवाले काका ओरडतात, "इकडे बघा! हसा!" आणि मग... लख्खऽ!

ओळखलंस! कॅमेऱ्याचा फ्लॅश!

थांब थांब, मोबाइलचा फ्लॅश नव्हे. त्यात असतो एलईडी. त्या बिचाऱ्याचं तीन-साडेतीन व्होल्टवर भागतं. हट्टी वायूची नळी असते ती फोटोवाल्या काकांच्या कॅमेऱ्यावर बसवलेल्या मोठ्या फ्लॅशमध्ये. त्यात बहुतेक वेळा चार पेन्सिल सेल घालतात. आणि पूर्वीच्या छोट्या रोलच्या कॅमेऱ्यांत तर दोनच सेल असायचे! आजीच्या कपाटात असा एखादा कॅमेरा पडलेला असेल बघ.

तो सुरू केला की आतून बारीक आवाज येतो. कुईंऽऽऽऽ! आधी जाडसर, मग चढत चढत बारीक होत जाणारा. मग एक इवलासा लाल दिवा लागतो. आणि मगच फोटो काढता येतो.

आत कोण रडतंय? आणि तिनाचे तीनशे कुणी केले? चल, शोधून काढू!

शाळा सुटली!

आधी मला सांग, व्होल्ट म्हणजे काय?

त्यासाठी आपण शाळेत जाऊ. शेवटच्या तासाची घंटा झालीय. टण् टण् टण्! वर्गांतून मुलं बाहेर पडली. व्हरांडा भरला. सगळे गेटकडे निघाले. पुढचे पुढे सरकतायत, मागचे त्यांना रेटतायत.

तारेतली वीज म्हणजे अशीच गर्दी. पण मुलांची नाही. तारेच्या आत कल्पनाही करता येणार नाही इतके बारीक कण असतात. त्यांचं नाव इलेक्ट्रॉन. ते सगळे एका दिशेला निघाले, की आपण म्हणतो, वीज वाहू लागली!

आता या गर्दीत दोन गोष्टी मोजता येतात. एक म्हणजे मागून रेटा किती जोराचा येतोय. विजेचा हा रेटा मोजतात व्होल्टमध्ये. दुसरी गोष्ट, एका सेकंदात गेटमधून किती जण पार झाले. विजेच्या बाबतीत हे मोजतात अँपिअरमध्ये.

रेटा आणि संख्या. बस, एवढं लक्षात ठेव. आपली सगळी जादू या दोघांच्या अदलाबदलीत आहे!

पेन्सिल सेलाचा रेटा दीड व्होल्ट. म्हणजे बालवाडीतल्या पोरांनी ढकलल्यासारखा. घरातल्या प्लगमधल्या विजेचा रेटा 230 व्होल्ट. त्याला हात लावायचा नाही! आणि विरार लोकलच्या डोक्यावर जी तार असते ना, तिचा रेटा किती असेल? अंदाज कर.

हजार? नाही. पाच हजार? अजून वर.

25,000 व्होल्ट! बाप रे!

सेलांची रांग लावू या

तुझ्या डोक्यात एक युक्ती आली असेल. एका सेलाचा रेटा कमी पडतो ना? मग सेलामागे सेल लावू! सगळ्यांचा रेटा एकत्र होईल.

शाब्बास! अगदी बरोबर. हे तुला घरीही करून बघता येईल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक पांढरा एलईडी आण. त्याला दोन पाय असतात, एक लांब आणि एक आखूड. लांब पाय सेलाच्या अधिकच्या टोकाला लाव, आखूड पाय उण्याच्या. एका सेलावर काय होतं? काहीच नाही! पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्टचा रेटा लागतो. दीड व्होल्टवर तो ढिम्म हलत नाही.

आता दोन सेल एकापुढे एक ठेव. पहिल्याचं अधिकचं टोक दुसऱ्याच्या उण्याला टेकव. आणि लाव एलईडी. लागला की नाही दिवा!

आणखी एक गुपित सांगू? 9 व्होल्टची ती चौकोनी बॅटरी पाहिली आहेस ना, वर दोन बटणं असलेली? तिच्या पोटात एक सेल नसतोच मुळी. दीड-दीड व्होल्टचे चक्क सहा छोटे सेल दाटीवाटीनं बसलेले असतात! सहा गुणिले दीड बरोबर नऊ. झालं गणित! (फोडून बघू नकोस बरं का. आतला चिकट माल त्वचेला आणि डोळ्यांना वाईट.)

मग फ्लॅशसाठी तीनशे व्होल्ट हवे तर किती सेल लागतील?

दोनशे!

एक पेन्सिल सेल पाच सेंटिमीटर लांब. दोनशे सेलांची रांग होईल दहा मीटर. वजन भरेल तीन-चार किलो. फोटोवाले काका ही माळ गळ्यात घालून लग्नात फिरतायत, असं चित्र डोळ्यांसमोर आण. नवरा-नवरीला सोडून सगळे काकांचेच फोटो काढतील!

आणि लोकलच्या तारेइतके व्होल्ट हवे असतील तर? जवळजवळ 16,700 सेल! त्यांची रांग आठशे मीटरहून लांब. बारा डब्यांच्या तीन विरार लोकल एकापुढे एक उभ्या केल्या, तरी ही रांग त्यांच्याही पुढे जाईल!

हसू नकोस. असा उद्योग खरोखर झालाय! 1800 साली इटलीतल्या व्होल्टा नावाच्या शास्त्रज्ञानं पहिली बॅटरी जगाला दाखवली. व्होल्ट हे नाव त्याच्यावरूनच आलं. मग लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी काय केलं ठाऊक आहे? 1810 च्या सुमारास त्यांनी धातूच्या पत्र्यांच्या तब्बल 2,000 जोड्या जोडून एक राक्षसी बॅटरी तयार केली. तिच्या दोन टोकांना कोळशाच्या कांड्या लावल्या. कांड्या जवळ आणून जरा दूर केल्या, आणि मधल्या हवेतच उजेडाची कमान उमटली! डोळ्यांना सहन होणार नाही इतकी प्रखर.

म्हणजे सेलांवर जोरदार दिवा पेटवण्याचा नाद दोनशे वर्षांपेक्षा जुना आहे. पण दरवेळी दोन हजार जोड्या कोण जोडणार? काहीतरी हुशारी करायला हवी.

वॉचमनकाकांची करामत

पुन्हा आपल्या शाळेत ये. घंटा झालीय, गेट सताड उघडं आहे. मुलं व्हरांड्यातून सुसाट धावत निघालीत. मागून रेटा फारसा नाही. पण सगळ्यांनी वेग घेतलाय.

आणि तेवढ्यात वॉचमनकाका गेट लावतात. धाडकन!

पुढची मुलं थबकली. पण मागच्यांना कुठे माहीत? ती येतच राहिली! धप्, धप्, धप्! क्षणभरात गेटपाशी जो रेटा तयार झाला, तो आधीच्या रेट्याच्या कितीतरी पट! मुलं वाढली का? नाही. कुणी जास्त जोर लावला का? नाही. धावत्या गर्दीला एकदम थांबवलं, एवढंच!

आता समज, गेटच्या बाजूला एक छोटं दार आहे. त्याची स्प्रिंग भलतीच कडक. साध्या रेट्यानं ते उघडत नाही. पण गेट बंद झाल्यावरच्या त्या एका धक्क्यानं ते किलकिलं होतं. चार-पाच मुलं पलीकडच्या पटांगणात ढकलली जातात. आणि दार लगेच बंद! ते एकाच बाजूला उघडतं. आत गेलेल्यांना परत येता येत नाही.

वॉचमनकाका गेट पुन्हा उघडतात. मुलं पुन्हा धावतात. पुन्हा धाडकन! पुन्हा चार-पाच मुलं पटांगणात.

(खऱ्या शाळेत असला खेळ चुकूनही करायचा नाही हं! चेंगराचेंगरी होते. इलेक्ट्रॉनना काही लागत नाही, आपल्याला लागतं.)

आता एक-एक पात्र ओळख.

धावता व्हरांडा म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं. तार गोल गोल गुंडाळली, की तिच्यातल्या विजेला एक सवय जडते. एकदा वाहू लागली, की तिला पटकन थांबायला आवडत नाही. आपण जबरदस्तीनं थांबवलं, की ती मोठा झटका देते.

वॉचमनकाका म्हणजे ट्रान्झिस्टर. डाळीच्या दाण्याएवढा! हात नाहीत, पाय नाहीत. पण गेट उघड-बंद करतो एका सेकंदात हजारो वेळा. खऱ्या वॉचमनकाकांचा हात किती दुखला असता!

बाजूचं एकतर्फी दार म्हणजे डायोड. वीज एकाच दिशेनं सोडायची, हेच त्याचं काम.

आणि पटांगण म्हणजे कपॅसिटर. हा एक छोटा डबा असतो, वीज साठवून ठेवणारा.

आता सांग, कुईंऽऽ असं कोण रडत होतं? बरोबर! गेटची उघडझाप! सेकंदाला हजारो धक्के बसले, की आतले भाग थरथरतात. ती थरथर आपल्याला आवाज म्हणून ऐकू येते. पटांगण भरत आलं की उघडझापीचा वेग बदलतो, म्हणून आवाज चढत जातो. आणि आवाज फार बारीक झाला, तर तो तुला ऐकू येईल, पण कदाचित आजोबांना येणार नाही! वय वाढलं, की कानांना सगळ्यात बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. इथे तू जिंकणार!

दोन वेटोळ्यांची जोडी

कॅमेऱ्यात आणखी एक करामत असते. एक नाही, दोन वेटोळी असतात. एकाला एक चिकटलेली. पहिलं जाड तारेचं, मोजक्याच वेढ्यांचं. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, शेकडो वेढ्यांचं. या जोडीला ट्रान्सफॉर्मर म्हणतात.

मजा म्हणजे या दोघांच्या तारा एकमेकींना शिवतही नाहीत! मग वीज इकडून तिकडे जाते कशी?

वीज वाहणाऱ्या वेटोळ्याभोवती चुंबकत्व तयार होतं. वीज बदलली, की चुंबकत्व बदलतं. आणि बदलतं चुंबकत्व शेजारच्या वेटोळ्यात रेटा तयार करतं. प्रत्येक वेढ्यात थोडा थोडा. वेढे जितके जास्त, तितका एकूण रेटा मोठा! मायकेल फॅरडे यांनी लंडनमध्ये हा शोध लावला 1831 साली. तेच फॅरडे, ज्यांचं शिक्षण लहानपणीच सुटलं होतं आणि जे पुस्तकं बांधण्याच्या दुकानात काम करायचे!

पण एक अट आहे. वीज बदलती हवी. सेलाची वीज असते एकसुरी. एका दिशेनं, एका चालीनं. तशी वीज पहिल्या वेटोळ्यात सोडून ठेवली, तर दुसरं वेटोळं गाढ झोपून राहतं. त्याला जागं ठेवायचं, तर वीज सतत चालू-बंद करायला हवी. म्हणूनच तर वॉचमनकाका हवेत!

ही युक्ती पहिल्यांदा कुणी जमवली? चक्क एका फादरनी! वसईतल्या तुझ्या गावात किंवा शेजारच्या गावात चर्च असेल ना? तिथे जसे फादर असतात, तसेच आयर्लंडमध्ये निकोलस कॅलन नावाचे फादर होते. मेनूथ गावच्या कॉलेजात ते विज्ञान शिकवायचे. 1836 साली त्यांनी दोन वेटोळ्यांचं यंत्र तयार केलं. बॅटरीची जोडणी पुन्हा पुन्हा तोडून त्यांनी त्यातून जबरदस्त झटके काढले. तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हता. जोडणी तोडायचं काम यंत्रानं, खटक-खटक करत व्हायचं.

आता आपल्या विरार लोकलकडे बघ. तिथे हीच जोडी उलटं काम करते! वरच्या तारेतली वीज बदलती असते. ती सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटते. त्यामुळे तिथे वॉचमनची गरजच नाही. लोकलमधला ट्रान्सफॉर्मर 25,000 व्होल्ट घेतो आणि ते कमी करून पुढे देतो. जास्त वेढ्यांकडून कमी वेढ्यांकडे!

पण ही वीज पूर्वी अशी नव्हती. 1936 मध्ये विरारपर्यंत विजेची लोकल धावू लागली, तेव्हा तारेत 1,500 व्होल्टची एकसुरी वीज होती. सेलासारखीच, एका दिशेची. पुढे टप्प्याटप्प्यानं तार बदलत गेली आणि 2012 मध्ये चर्चगेट ते विरार हा सगळा मार्ग 25,000 व्होल्टच्या बदलत्या विजेवर आला.

कडी कोण काढणार?

चल, आपल्या कॅमेऱ्यात परत. पटांगण गच्च भरलंय. कपॅसिटरवर तीनशे व्होल्ट जमलेत. इवलासा लाल दिवा लागला, म्हणजे "मी तयार आहे!"

पटांगणाच्या पलीकडे आहे आपली काचेची नळी. तिच्यातल्या वायूचं नाव झेनॉन. आपल्या हवेतही तो असतो, पण किती? हवेच्या कोटीभर कणांमध्ये जेमतेम एक! विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या दोघांनी 1898 साली तो शोधून काढला.

झेनॉन भारी आळशी. तो विजेला वाटच देत नाही. तीनशे व्होल्टचा रेटा समोर उभा आहे, तरी हा गेट लावून, कडी घालून बसलेला!

मग कॅमेऱ्याचं बटण दाबलं, की आतलं आणखी एक चिमुकलं वेटोळं एक झटका देतं. काही हजार व्होल्टचा! अगदी क्षणभर. हा झटका नळीच्या बाहेरून, काचेवरूनच दिला जातो. त्यानं आतले काही कण फुटतात. त्यांच्यातले इलेक्ट्रॉन सुटतात, ते दुसऱ्या कणांवर आदळतात, तिथले इलेक्ट्रॉन सुटतात, ते तिसऱ्यांवर आदळतात...

खट्! कडी निघाली! पटांगणातली सगळी गर्दी एकदम नळीतून धावत सुटते.

लख्खऽऽ!

किती वेळ? एका सेकंदाचे हजार तुकडे कर. त्यातला साधारण एक तुकडा! तुझी पापणी एकदा लवायला याच्या शंभरपट तरी वेळ लागतो. म्हणून तर फोटोत कुणाकुणाचे डोळे मिटलेले येतात. फ्लॅश पडून गेल्यावर पापणी लवली, तर ती फोटोत येणारच नाही. आधीच लवत असेल, तर मात्र पकडली गेली!

फुकटात मिळालं का?

आता खरी आश्चर्याची गोष्ट. नीट ऐक हं.

छोट्या कॅमेऱ्याच्या एका फ्लॅशला ऊर्जा किती लागते? साधारण पाच ज्यूल. ज्यूल हे ऊर्जेचं माप. पाच ज्यूल म्हणजे खूप वाटतं? एक लिटर पाण्यानं भरलेली बाटली उचल. जमिनीपासून अर्धा मीटर, म्हणजे तुझ्या गुडघ्याच्या जरा वर. झालं! तेवढ्यात तू साधारण पाच ज्यूल खर्च केलेस!

एवढीशी ऊर्जा आणि एवढा लखलखाट?

हो! कारण ती एका सेकंदाच्या हजाराव्या भागात सुटली. त्या इवल्याशा क्षणात फ्लॅशचा जोर असतो पाच हजार वॉट. घरातला एलईडी बल्ब किती वॉटचा? बहुतेक नऊचा. म्हणजे साडेपाचशे बल्ब एकदम लावल्यावर जेवढी वीज लागेल, तेवढी! आणि हे कुणी केलं? रिमोटमधल्या दोन सेलांनी!

पण सेलांना हे झटकन जमलं नाही. त्यांनी पाच-दहा सेकंद शांतपणे पटांगण भरलं. थोडं थोडं, कुईं कुईं करत. आणि मग सगळं एकदम सोडलं.

तिनाचे तीनशे व्होल्ट झाले, तेही फुकट नाही. आठव, व्हरांड्यातून शेकडो मुलं धावत होती. पण बाजूच्या दारातून आत गेली चार-पाचच! रेटा शंभरपट वाढला, तर संख्या शंभरपटीहूनही जास्त घटली. जास्त का? कारण वाटेत थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून तर भराभर खूप फोटो काढले, की फ्लॅशचे सेल गरम लागतात.

विजेच्या दुनियेत रेटा विकत मिळतो, पण किंमत मोजावी लागते!

गोष्टीतला दिवा

फ्लॅशच्या कितीतरी आधी, 1860 च्या सुमारास, फ्रान्समध्ये असाच एक दिवा तयार झाला होता. खाणीत काम करणाऱ्या लोकांसाठी!

खाणीत कधीकधी पेट घेणारा वायू साठतो. तिथे उघडी ज्योत नेली की स्फोट! मग हुशार माणसांनी काय केलं? खांद्याला अडकवायच्या पिशवीत बॅटरी ठेवली. तिला जोडलं दोन वेटोळ्यांचं यंत्र. पॅरिसमधल्या रुमकॉर्फ नावाच्या कारागिराची अशी यंत्रं तेव्हा नावाजलेली होती. आणि त्यापुढे एक काचेची नळी, वायूनं भरलेली. ज्योत नाही, ठिणगी नाही, काच फारशी तापतही नाही. थंडगार उजेड! फक्त तो होता मंद.

ज्यूल व्हर्न नावाच्या फ्रेंच लेखकाला हा दिवा इतका आवडला, की 1864 सालच्या कादंबरीत त्यानं तो आपल्या नायकांच्या गळ्यात अडकवला आणि त्यांना थेट पृथ्वीच्या पोटात धाडलं! ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या त्या भा. रा. भागवतांनी. तेच, आपल्या फास्टर फेणेचे लेखक! ग्रंथालयात शोध, सापडतील.

एक मिनिट! हे वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही

फ्लॅश किंवा जुना कॅमेरा कधीही उघडायचा नाही. सेल काढून टाकले तरीसुद्धा! कारण पटांगण भरलेलंच राहतं. कपॅसिटरमधले तीनशे व्होल्ट सेल काढल्यावरही बराच वेळ टिकून असतात आणि बोट लागलं तर जोराचा झटका देतात. 9 व्होल्टच्या बॅटऱ्यांची लांबलचक माळ करायची नाही. सुट्या सेलांचा रेटा लहान असतो, पण माळेचा रेटा जीवघेणा होऊ शकतो. दोन सेल आणि एक एलईडी, एवढाच आपला प्रयोग!

घराघरांत लपलेले वॉचमन

आता तुला गुपित कळलंय. मग घरात शोधायला लाग!

डास मारायची बॅट बघ. वसई-विरारमध्ये संध्याकाळी ती हातात नसेल असं घर विरळाच! तिच्या दांड्यात छोटीशी बॅटरी असते. पण जाळीवर हजार-दोन हजार व्होल्ट! चट्! गेला डास. आत कोण? वॉचमनकाका, वेटोळी आणि पटांगण!

जुना इमर्जन्सी लॅम्प आठवतो का कुणाला? आईला विचार. 2018 च्या जुलैत वसई-विरारमध्ये पाणी भरलं, रूळ बुडाले, लोकल थांबल्या, वीज गेली. अशा वेळी ज्या घरांत तो लॅम्प होता, तिथे 6 व्होल्टच्या बॅटरीवर पांढऱ्या नळ्या उजळायच्या. त्या नळ्याही हट्टी वायूच्याच. पुन्हा तीच युक्ती!

बाबांची पेट्रोलची स्कूटर? बॅटरी 12 व्होल्टची. पण पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीला लागतात दहा हजारांहूनही जास्त व्होल्ट. आलं ना लक्षात, मध्ये कोण बसलंय ते?

आणि आता शेवटचं कोडं. हे तू सोडवायचं.

बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल, तर मोठ्या माणसांना त्याची सेलांची डबी दाखवायला सांग. आत दोन जाडे सेल. दोघांचे मिळून फक्त तीन व्होल्ट! नळ सोडला की गीझरमधून आवाज येतो, टक् टक् टक् टक्! प्रत्येक टक् म्हणजे एक ठिणगी. हवेतून उडी मारणारी, हजारो व्होल्टची.

पण ही ठिणगी सलग का पडत नाही? टक्, मग जरा थांबून पुन्हा टक्, असं का?

मी सांगणार नाही! पटांगण आठव, आणि उत्तर तूच घरच्यांना सांगून टाक!